खापरं बांधलेली झाडं

मे सरत आला, इकडचा हिवाळा जवळ आला, तसं गवतावरचं दव सकाळी पांढरं पडायला लागलं. अशाच एका सकाळी टेकाडावरच्या कडेच्या झाडावर पेर्लाला पिवळं झालेलं पहिलं संत्रं दिसलं. बाकीची सगळी अजून हिरवीच होती, काहींच्या गालावर नुसती पिवळी झाक. तिनं बांधावरची गवताची एक लांब काडी उपटली आणि त्या संत्र्याच्या देठाला बांधायला घेतली. थंडीनं बोटं ताठलेली, त्यात पेरापेरांवर भेगा. गाठ बसेना. शेवटी एक टोक दातात धरलं तेव्हा बसली.

हे तिच्या नवऱ्यानं, नातालिओनं शिकवलेलं. पहिलं पिकलेलं फळ दिसलं की त्याला गवत बांधून ठेवायचं. मग सगळं झाड पिवळंजर्द झालं तरी थोरलं कोण ते ओळखू येतं. आपले जुने ज्यू लोक असंच करायचे आणि शावुओतच्या सणाला ती पहिली फळं टोपलीत घालून मंदिरात न्यायचे, असं तो सांगायचा. पेर्ला म्हणायची, मंदिर तर कधीच पडलं, आता टोपली न्यायची कुणाकडं?

"न्यायची नाही," तो म्हणायचा. "पोरांनाच इकडं आणायचं."

नातालिओला जाऊन तीन वर्षं झाली होती. शाळेची पोरं यायची होती ती आता, सणाआधीच्या आठवड्यात.

जमीन त्याच्या आजोबांची. आजोबा बोटीतून उतरून या वसाहतीत आले तेव्हा नांगराची मूठ कशी धरायची हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं म्हणे. बैलांना यिद्दिशमध्ये शिव्या द्यायचे आणि बैल ढिम्म उभे. पुढं मुलं शिकली, रोसारिओला गेली, राजधानीला गेली. वसाहतीतल्या प्रार्थनाघराला कुलूप लागलं आणि जमीन वीसेक वर्षं शेजारच्या लिसांद्रोच्या घराकडं खंडानं राहिली. सोयाबीन, फवारा, पुन्हा सोयाबीन. नोकऱ्या संपवून पेर्ला आणि नातालिओ इथं राहायला आले तेव्हा फावडंभर माती उलथली तरी एक गांडूळ सापडेना. माती कसली, चुलीतली राखच ती. दोघांनी ओट पेरला, वेलीचं हिरवळीचं पीक पेरलं, आणि ऐन फुलोऱ्यात आलेलं रान तसंच जमिनीत गाडून टाकलं. रस्त्यानं जाणारे ट्रॅक्टर थांबवून बघत. हातातोंडाशी आलेलं पीक गाडणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. लिसांद्रो तर गावात सांगायचा, आमच्या शेजारी दोन पांढऱ्या केसांची पोरं खेळायला आलीत.

नातालिओनं कोठाराची जुनी दारं जोडून निलगिरीखाली एक लांबच लांब टेबल केलं. शाळेचा अख्खा वर्ग एका वेळी बसेल एवढं. बाकंही केली, लहान मुलांचे पाय जमिनीला टेकतील अशी बुटकी. आजोबांच्या रानात बसून मुलांनी पहिल्या फळांची गोष्ट वाचायची, हात मातीत घालायचे, मग जेवायचं, असा त्याचा बेत. टेबलाला रंग देऊन झाला आणि त्याच शरदात चाकं लावलेलं कोंबड्यांचं खुराडं पुढं ढकलता ढकलता तो खाली बसला, तो बसलाच.

तेव्हापासून पेर्ला त्या टेबलाच्या एका टोकाला जेवत असे. माते, म्हणजे इकडचा कडवट पानांचा चहा, दोघांनी मिळून प्यायची सवयही तिला मोडता आली नव्हती. भांडं एक, नळी एक; आपण प्यायचं, भरून दुसऱ्याच्या हातात द्यायचं. आपलं पिऊन झालं की ती भांडं पुन्हा भरायची आणि थोडा वेळ समोर तसंच ठेवायची. मग उचलून तेही तीच प्यायची. कोंबड्यांशी बोलून बोलून तिचा आवाज असा झाला होता की गावातल्या दुकानात काही मागितलं तर दुकानदार तिच्याकडं वळून बघे.

संत्र्याची झाडं नातालिओनं लावली होती ती खालच्या रानात, ओढ्याच्या अंगाला. तो गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात पाऊस लागला तो उघडेचना. खालच्या रानात पाणी तुंबून राहिलं. झाडांची पानं पिवळी पडली, बुंध्यातून डिंक गळायला लागला. पेर्ला गुडघाभर चिखलात उभी राहून बघायची. घरात येऊन बूट काढले की मोजे पायाला चिकटलेले असायचे.

मग तिनं एकेक झाड उपटायला सुरुवात केली. पहारीनं सैल करायचं, फावड्यानं भोवती खणायचं, खोडाला मिठी मारून हलवायचं. मुळांना धरून आलेल्या चिखलाला कुजका, आंबूस वास होता. रोग त्यातच होता. कपडे भिजवायच्या पत्र्याच्या टबात ती मुळं धुवायची, काळी पडलेली कापायची, फांद्या छाटायची, आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेलं झाड ढकलगाडीत घालून टेकाडावर न्यायची. कमरेत उसण भरली तेव्हा कमरेला नातालिओचा जुना पट्टा आवळून बांधला.

लिसांद्रो कुंपणापाशी येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "वहिनी, झाडास्नी आंघोळ घालताय व्हय?"

"तुमच्या रानातनं वाहून आलेला चिखल धुतेय."

"दादा असते तर त्यांनी तुमालाबी उनात वाळत घातलं असतं."

एवढं बोलून तो कुंपण ओलांडून आला आणि टेकाडावर दुपारभर खड्डे खणून गेला.

झाडं जगली. एकूण एक जगली. या कामाबद्दल तिला कुणी शाबास म्हटलं नाही, कारण म्हणायला कुणी नव्हतंच. रात्री अंथरुणात पडल्यावर ती स्वतःच मनातल्या मनात एकेका झाडावरून हात फिरवून यायची. पुढच्या शरदात तुरळक फळं धरली ती तिनं गोटीएवढी असतानाच खुडून टाकली. झाडांनी आधी अंग धरावं. यंदा मात्र फांद्या वाकल्या.

तिची मुलगी आरिएला दर शुक्रवारी, शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी, रोसारिओहून फोन करायची. आई, जेवलीस का, आई, दार नीट लावतेस का. मागच्या उन्हाळ्यात पेर्ला शिडीवरून पडली आणि रात्रभर कोठारात पडून राहिली, तेव्हापासून आरिएलाचा आवाज बदलला होता. शेवटी मायलेकींचं ठरलं. या शरदात मुलं आली, शाळेनं दरवर्षी यायचं कबूल केलं, तर आई राहील. नाही तर गव्हाच्या पेरणीआधी रान पुन्हा लिसांद्रोला खंडानं द्यायचं आणि आईनं रोसारिओला यायचं. लिसांद्रोलाही हे ठाऊक होतं. तो काही विचारत नसे. कुंपणावर हात टेकून बघायचा तेवढं.

म्हणून राजधानीतल्या एका शाळेतून फोन आला तेव्हा पेर्लानं पिठाचे हात न पुसताच तो घेतला. शिकवणाऱ्या बाईंचं नाव यानिना. आवाज बसलेला, दिवसभर मुलांवर ओरडणाऱ्या माणसाचा असतो तसा. पाचवीचा वर्ग घेऊन येतो म्हणाल्या. पेर्लानं सांगून टाकलं की ती चीजच्या पोळ्या करणार आहे, बटाट्याचं सारण भरून भाजलेले क्निश करणार आहे, दही घरचंच आहे. मग यानिनाबाई फार मऊपणानं म्हणाल्या, मुलांचे डबे शाळेकडूनच येतात, घरं सोवळी आहेत, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं चालत नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

"छे छे," पेर्ला म्हणाली. पीठ बोटांवर वाळत चाललं होतं.

"फळं मात्र चालतील. झाडावरचं फळ कुणाच्या भांड्यात शिजत नाही. कितवं वर्ष आहे झाडांचं?"

"पाचवं," पेर्ला चटकन म्हणाली, लेकराचं वय सांगावं तशी. नातालिओनं लावली त्याला चार हिवाळे झाले होते. नव्या झाडाचं पहिल्या तीन वर्षांचं फळ खायचं नसतं आणि चौथ्याचं देवाचं, एवढं त्यानं तिला सांगितलेलं होतं. ती ज्या घरात वाढली तिथं शुक्रवारच्या मेणबत्त्या आणि आजीच्या क्निशपलीकडं काही उरलं नव्हतं.

तर एवढंच राहिलं. तिच्या रानातलं मुलांच्या पोटात जाणार ते संत्रं.

त्या आठवड्यात तिनं बाकं घासली, कुंपणाच्या तारा ओढल्या, टोपल्यांना नवे कान विणले. टेकाडावर ती रोज दोनदा जायची. गवत बांधलेलं संत्रं केशरी झालं, मग त्याच्यामागून बाकीची.

मुलं आली त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि दक्षिणेचा वारा कान कापत होता. बस डांबरी रस्त्यावरच थांबली, पुढं चिखल. लिसांद्रोनं आपला ट्रेलर धुऊन त्यात गवताच्या गासड्या मांडल्या होत्या. मुलं त्यात उभी राहून ओरडत आली. पेर्ला फाटकात उभी होती. इतके आवाज एकदम अंगावर आल्यावर तिनं नकळत फाटकाचा खांब धरला.

मुलांनी कोंबड्या बघितल्या, शेणाला नाकं धरली. एका पोरानं टिटवीचा पाठलाग केला आणि ती डोक्यावर येऊन ओरडली तेव्हा पळाला. यानिनाबाई काडीसारख्या सडपातळ, डोक्याला रुमाल, पायात शहरातले बूट. चिखलात रुतलेला बूट त्यांनी हसत हसत हातानं ओढून काढला. पेर्लाला त्या आवडल्या.

टेकाडावर झाडांखाली मुलांना बसवून त्यांनी विचारलं, नव्या झाडाचं फळ तीन वर्षं का खायचं नाही? कुणी म्हणालं, पोट दुखतं. कुणी म्हणालं, झाड लहान असतं, त्याला राग येतो. यानिनाबाई म्हणाल्या, राग येत असेलही. पण आपल्यालाही कळावं, की हाताशी आलं म्हणजे आपलं झालं असं नसतं. या झाडांचं पाचवं वर्ष आहे, म्हणून आज आपण खाणार.

मागं बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. मिकाएला तिचं नाव. वेण्या घट्ट, गुडघ्याला चिखल. "बाई, आणि झाडानं घर बदललं तर?"

मुलं हसली. ही यंदाच दुसऱ्या गावाहून शाळेत आली होती, आणि हिला ऊठसूट घर बदलण्याचंच सुचतं, असं कुणीतरी म्हणालं.

यानिनाबाई हसल्या नाहीत. "विचारलंस ते बरं केलंस. मुळांना धरलेल्या मातीच्या गड्ड्यासकट नेलं, तर जुनं वय चालू. पण माती झडून मुळं उघडी पडली, तर ते झाड नव्यानंच लावलं म्हणायचं. वय पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे पुन्हा पहिलीत?"

"पुन्हा पहिलीत."

पेर्लाच्या हातात टोपली होती. टबातलं तपकिरी पाणी, पाण्यावर तरंगणारी काळी साल, बोटांमधून निसटणारा तो बुळबुळीत चिखल, सगळं तिच्या हातांना आठवलं. लिसांद्रो ट्रेलरला टेकून गवताची काडी चावत होता. त्यानंही ऐकलं होतं, पण त्याच्या डोक्यात काही जुळलं नव्हतं. या जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

मुलं उठली, झाडांवर तुटून पडली. टोपल्या भरायला लागल्या. पेर्ला उभीच. बोललं तर मुलं रिकाम्या हातानं जातील, शाळा पुन्हा येणार नाही, आरिएला येऊन सामान बांधेल. आणि त्याहून खोल काहीतरी दुखत होतं. या झाडांची वर्षं ती नातालिओच्या हातापासून मोजत आली होती. घरात त्याचे कपडे वाटून झाले होते, चष्मासुद्धा कुणाला तरी दिला होता. त्यानं सुरू केलेलं आणि अजून चालू असलेलं एवढंच एक मोजणं उरलं होतं. बोललं की तेही पुसलं जाणार.

गप्प राहायचं. तिनं ठरवलंही.

मिकाएला तिच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात ते गवत बांधलेलं संत्रं, अर्धं सोललेलं. सालीचा वास थंड हवेत उठला. "आजी, याला कुणीतरी गाठ मारलीय. हे तुमचंच असणार. पहिलं तुम्ही खा." यानिनाबाईंनी सगळ्यांना गप्प केलं; नव्या फळाचा आशीर्वाद म्हणायचा होता.

पेर्लानं त्यातली एक फोड काढून हातात घेतली. ओठांपर्यंत नेली आणि खाली आणली.

"थांबा," ती म्हणाली. "थांबा. ही झाडं मी हलवलीत. खालच्या रानातनं. दोन हिवाळ्यांपूर्वी."

हळू आवाजात, जवळ येऊन यानिनाबाईंनी विचारलं, "मातीसकट ना? थोडी तरी राहिली असेल मुळांच्या बेचक्यात. सगळी कशी जाईल?"

त्या दार किलकिलं करून धरताहेत हे पेर्लाला कळलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही राहिली," ती म्हणाली. "ब्रशनं घासली मी."

एका पोराच्या तोंडात फोड आधीच गेली होती. त्यानं ती थुंकली आणि दोस्त हसले. मग कुणीच हसलं नाही. यानिनाबाईंनी डोक्यावरचा रुमाल उगाच सारखा केला आणि मुलांना संत्री खाली ठेवायला सांगितली. लिसांद्रोला काय झालं ते कळेना. कळलं तेव्हा तो म्हणाला, मग कोंबड्यांस्नी तरी घाला. यानिनाबाई म्हणाल्या, कोंबड्यांनाही नाही, खतालाही नाही. या फळाचा कसलाच फायदा घ्यायचा नाही, पुरून टाकायचं. लिसांद्रोनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"वहिनी, तुमचा देव काय शेतकरी न्हाई. सरकारी हाय."

झाडांपासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात मुलांनी खड्डा खणला. फावडी मोठी, हात लहान. पहिल्या वितीतच गांडुळं निघाली, लाल, गलेलठ्ठ, आणि एकच गलका झाला. कुणी किंचाळलं, कुणी तळहातावर घेऊन दुसऱ्याच्या कॉलरकडं धावलं. पेर्लानं सांगितलं की आम्ही आलो तेव्हा इथं एकही नव्हतं. ते कुणी ऐकलं नाही. मुलं गांडुळं मोजण्यात गुंतली होती.

संत्री खड्ड्यात गेली. गवत बांधलेल्या संत्र्यावर पेर्लानं स्वतः माती ओढली.

मग यानिनाबाईंना आठवलं की जुन्या काळी अशा झाडांना खापराची खूण करत असत, येणाऱ्याजाणाऱ्यानं नकळत फळ तोडू नये म्हणून. आता खापरं कुठून आणायची, असं त्या म्हणतात तोवर पेर्ला कोठारामागं निघालीसुद्धा होती. आजोबांच्या पडलेल्या छपराची कौलं तिथं ढिगानं पडली होती, शेवाळलेली. मुलांनी ती दगडावर आपटून फोडली, आणि गासड्यांच्या सुतळीनं एकेक तुकडा फांदीला बांधला. कुणाची गाठ राहिली, कुणाची सुटली.

डबे मात्र त्यांनी नातालिओच्या टेबलावर खाल्ले. सगळी बाकं भरली. पाय जमिनीला टेकले. पेर्ला उभ्या उभ्या पाणी वाढत राहिली. पाणी तेवढं तिच्याकडचं चाललं.

निघताना यानिनाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, घरी पाटी भरून संत्री येतील असं आईबापांना कळवलं होतं. शाळा काय म्हणेल ठाऊक नाही. खोटं वचन त्यांनी दिलं नाही. मिकाएला ट्रेलरवर चढता चढता थांबली.

"मग कधी खायची?"

पेर्लानं बोटांवर हिशेब केला. "यंदा तिसरं. पुढच्या वर्षी नाही, ते चौथं, देवाचं. त्याच्या पुढच्या वर्षी."

"तेव्हा मी सातवीत," मुलगी म्हणाली आणि चढून बसली.

ट्रेलर वळणाआड गेला. टेबलावर पावाचा चुरा पडला होता, तो चिमण्यांनी वेचला.

दिवस कलताना लिसांद्रो ट्रॅक्टर घेऊन परतला आणि फाटकातच थांबला. इंजिन बंद केलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं तो विषय काढला. "वहिनी, गव्हाचं बी आणायचं हाय. काय ते आज सांगा."

पेर्ला मातेचं भांडं भरत होती. तिनं टेकाडाकडं बघितलं.

"दोन वर्षांची आहेत रे ती," ती म्हणाली. "एवढी लहान पोरं टाकून मी कुठं जाऊ?"

"दोन? पाच म्हनत व्हता की सकाळपतूर."

"दोन. मी लावली त्याला दोनच झाली."

लिसांद्रोनं तोंडातली काडी थुंकली. आरिएलाताई काय म्हणंल, असं त्यानं विचारलं. पेर्ला म्हणाली, रागावेल. शुक्रवार यायचा आहे, तेव्हा रागावेल. मग तो बरं म्हणाला, इंजिन सुरू केलं आणि आपल्या रानाकडं गेला.

तिनं आपलं माते प्यालं. पुन्हा भरलं आणि समोर ठेवलं. तेवढ्यात वाऱ्याबरोबर काहीतरी किणकिणलं. कुणीतरी फाटकाची कडी वाजवतंय असं वाटून ती उठली. फाटकात कुणी नव्हतं. आवाज टेकाडावरून येत होता, खापरं फांद्यांवर आपटत होती. एक थांबलं की दुसरं, मग बरीच एकदम.

ती वर गेली. कडेच्या झाडाचं खापर सुटून सुतळीच्या एका पदरावर लोंबकळत होतं, लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर. तिनं ते वर घेतलं आणि बांधायला लागली. बोटं ताठलेली. गाठ बसेना. मग तिनं सुतळीचं एक टोक दातात धरलं.